दिवंगत लेखिकेची खुर्ची

तमाम मराठी लेखक, वाचक, प्रकाशक, मुद्रितशोधक आणि प्रकाशन समारंभाला केवळ अल्पोपाहारासाठी येणारे रसिक यांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, मराठवाड्यातील साहित्यिक एजंटांची संख्या गतवर्षीप्रमाणे यंदाही स्थिर असून ती एक आहे. ती एक म्हणजे मी. माझा निवृत्त होण्याचा तूर्त कोणताही विचार नाही, तरी साहित्यविश्वाने घबराट पसरू देऊ नये.

घबराट पसरलेली नाही, हे मला दिसतंय. ज्या माणसाचं काम काय असतं हेच कुणाला ठाऊक नाही, तो असला काय आणि नसला काय. माझ्या सख्ख्या आईला मी हे काम शेवटपर्यंत समजावू शकले नाही. नातेवाइकांत ती मी विम्यात आहे असं सांगायची. विम्यात म्हटलं की लोक मान डोलवत आणि विषय बदलत, आणि तिला तेवढंच हवं असायचं.

काम तसं साधं आहे. लेखकाचं हस्तलिखित मी वाचते, ते कुणी छापावं हे ठरवते, त्या प्रकाशकाकडे जाऊन बसते, करार नीट करून घेते आणि पुस्तक बाहेर आल्यावर लेखकाच्या वतीने भांडत राहते. मोठ्या शहरांतही हे करणारे थोडेच. आपल्याकडे लेखक स्वतःच पिशवीत हस्तलिखित घालून प्रकाशकाच्या दारात उभा राहतो आणि ‘मालक बाहेर गेलेत’ असं मालकच आतून सांगतात. लेखकाला भीड पडते, प्रकाशकाला कंटाळा येतो. या दोघांच्या मधे एखादी निर्लज्ज बाई उभी राहिली तर बरं, असा विचार करून मी उभी राहिले.

शहागंजमध्ये सुकामेव्याच्या एका दुकानावर माझी खोली आहे. जिन्याच्या तोंडाशी ‘लेखकांसाठी एजंट’ अशी पाटी आहे. लोक तिच्यातला ‘एजंट’ एवढाच शब्द वाचून वर येतात. ड्रायव्हिंग लायसनसाठी येतात, सातबाऱ्यासाठी येतात, मक्केला उमऱ्याला जायचंय म्हणून येतात. एका गृहस्थांना मी तासभर समजावलं की मी लायसन काढून देत नाही. ते म्हणाले, “ठीक आहे, मग मोटरसायकलचं तरी द्या.” शेवटी मीच त्यांच्यासोबत गेले आणि काढून दिलं. माझ्या आजवरच्या कारकिर्दीत काम झाल्यावर पेढे घेऊन परत आलेला तो एकमेव अशील आहे.

लेखक मंडळी पेढे आणत नाहीत. ती आणखी हस्तलिखितं आणतात. एका निवृत्त अभियंत्यांचं आत्मचरित्र मी सध्या वाचते आहे. त्याचे जाडजूड खंड येत राहतात आणि नायक अजून पाचवीतून सहावीत गेलेला नाही. एक कवी पहाटे फोनवर कविता रेकॉर्ड करून पाठवतात आणि मागे त्यांच्या घरचा कुकर शिट्टी देतो. ती शिट्टी कवितेचा भाग आहे का, हे विचारायची माझी हिंमत झालेली नाही.

या अशा दिवसांत एकदा दुपारी जिन्यावर दोन बायकांचा आवाज आला. एक आवाज चढत होता आणि दुसरा त्याला चढवत होता.

“आत्या, हळू. कठडा धरा.”

“मी काय म्हातारी झालेय व्हय?”

झाल्या होत्या. चांगल्या पंच्याहत्तरीच्या पुढच्या, काठापदराचं नऊवारी, नाकात फुली, काखेत डोळ्यांच्या दवाखान्याची पिशवी. मागून आली ती त्यांची सून. पन्नाशीला टेकलेल्या, चष्म्याच्या, अंगाने बारीक अशा बाई. गंगापूरच्या पलीकडे एका गावात शाळेवर मराठी शिकवत होत्या. सासूबाईंचे डोळे दाखवायला म्हणून दोघी जीपने शहरात आल्या होत्या, आणि सुनेने पिशवीच्या तळाशी, चष्म्याच्या कागदांखाली, कादंबरी घालून आणली होती.

सासूबाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “तुम्हीच का त्या एजंटीणबाई?”

मी म्हटलं, मीच.

“मग घ्या हे. लई हसाया येतंय त्यात.”

“तुम्ही वाचलंय?”

“मला कुठं वाचता येतंय. ही वाचते, मी शेंगा फोडते. पार सगळं ऐकलंय म्या.”

ती कादंबरी मी त्याच आठवड्यात वाचून काढली, आणि इतकं हसले की खालच्या सुकामेव्याच्या दुकानातून विचारणा झाली. गंगापूरच्या स्टँडवर एक जीप उभी आहे. भरल्याशिवाय सुटायची नाही, हा जीपवाल्याचा नियम. एक माणूस कमी आहे. तो माणूस येतो तोवर आधी बसलेली बाई उसाचा रस प्यायला उतरते. ती येते तोवर दुसऱ्या दोघांचं भांडण होऊन एक जण चालत निघून जातो. सगळी कादंबरी त्या उभ्या जीपमध्ये घडते, आणि जीप सुटते ती शेवटून दुसऱ्या प्रकरणात. एक लग्न मोडतं, एक जुळतं, एका म्हशीचा सौदा होतो, आणि ड्रायव्हर मात्र सारखा म्हणत असतो, “निघालोच.”

माझा एक रिवाज आहे. पुस्तक हाती घेण्याआधी मी लेखकाला विचारते की यातून तुम्हाला नक्की काय हवंय. कवींना पुरस्कार हवा असतो. प्राध्यापकांना दुसऱ्या प्राध्यापकांचा जळफळाट हवा असतो. बाईंना विचारलं तेव्हा त्या बराच वेळ बोटातली अंगठी फिरवत राहिल्या.

“खुर्ची,” त्या म्हणाल्या.

“कसली?”

“प्रकाशनाच्या दिवशी, मंचावर. पाहुण्यांच्या ओळीत.” मग त्यांनी घाईघाईने खुलासा केला. शाळेत कुठलाही कार्यक्रम असो, रांगोळी त्या काढतात, स्वागतगीत त्या बसवतात आणि शाल-श्रीफळाचं तबक धरून त्याच मंचावर जातात. “तबक घेऊन मी इतक्यांदा वर चढले मॅडम, पण दरवेळी उतरलेच. वर बसून खालचं कसं दिसतं ते एकदा बघायचंय.”

मी त्यांना शब्द दिला. माझ्या उभ्या कारकिर्दीत इतकी स्वस्त मागणी कुणी केली नव्हती, असं तेव्हा मला वाटलं.

पहिल्या प्रकाशकाने कळवलं की जीप जरा लवकर सोडता आली तर बघा. दुसऱ्याने विचारलं की जीपऐवजी रेल्वे चालेल का. शेवटी आपल्याच शहरातला एक प्रकाशक मिळाला. स्पर्धा परीक्षांची गाईडं छापून त्याचं बरं चाललं होतं आणि आता त्याला साहित्याची सेवा करायची होती. त्याने कादंबरी खरोखर वाचली, त्याला ती आवडली, आणि एकच अट घातली. प्रस्तावना सरांची हवी.

सर म्हणजे कोण, हे शहरात कुणी विचारत नाही. ऐंशी ओलांडलेले समीक्षक, सिडकोत राहतात, निम्म्या मराठवाड्याला त्यांनी शिकवलंय आणि उरलेल्या निम्म्याच्या पुस्तकांना प्रस्तावना लिहिल्यात. सरांच्या प्रस्तावनेशिवाय पुस्तक आलं तर लोक विचारतात, “सर बरे आहेत ना?” प्रथा अशी की हस्तलिखितासोबत लेखकाचा एक फोटो पाठवायचा. सर हस्तलिखित हातावर तोलून बाजूला ठेवतात आणि फोटो समोर घेऊन बसतात. माणूस वाचला की पुस्तक वाचावं लागत नाही, असं त्यांचं मत आहे, आणि त्यावरही त्यांची एक प्रस्तावना आहे.

आता बाईंचा एकटीचा असा फोटोच नव्हता. होता तो शाळेच्या व्हरांड्यात काढलेला, मागे खुंटी, खुंटीला छत्री आणि बाजूला कॅलेंडर. तो मी आमच्या गल्लीतल्या फोटोवाल्याकडे दिला आणि म्हटलं, मागचं जरा साफ कर. हा फोटोवाला मला थोरल्या बहिणीसारखं ‘बाजी’ म्हणतो, आणि हुशार माणूस आहे. चौकाचौकात लागणारे निम्मे फ्लेक्स त्याच्या हातचे. वाढदिवसाचे आणि श्रद्धांजलीचे, दोन्ही. संध्याकाळी फोटो तयार होता. खुंटी, छत्री, कॅलेंडर सगळं गेलं होतं. त्या जागी निळं आभाळ, पांढरे ढग आणि ढगांतून बाईंच्या डोक्यावर उतरणारे उन्हाचे पट्टे.

“हे काय?”

“बाजी, पीछे भोत कचरा था. निकाल के बादल डाल दिये.”

“पण ढगच का?”

“सुकून आता देखनेवाले कू.”

फोटो वेळेत पोचवायचा होता, त्यामुळे प्रकाशकाच्या माणसाने तो तसाच उचलून नेला. सरांना तो पाहून फारच सुकून आला असावा. पंधरवड्यात प्रस्तावना हजर झाली. पहिलंच वाक्य असं होतं, ‘काही फुले उमलण्यापूर्वीच कोमेजतात, आणि दिवंगत लेखिकेच्या या एकमेव कादंबरीची पाने उलटताना माझे हात थरथरले.’ तो मजकूर आजही पुस्तकात आहे. कुणाला खोटं वाटत असेल तर ग्रंथालयात जाऊन पाहावं.

मी लगेच फोन लावला.

“सर, एक लहानशी दुरुस्ती होती. लेखिका हयात आहेत.”

“अर्थात,” सर म्हणाले. “आपल्या शब्दांतून त्या हयातच आहेत.”

“तसं नाही सर. खऱ्याखुऱ्या जिवंत आहेत.”

“बाई, खरा लेखक कधी मरतो का?”

“नाही सर, म्हणजे हो सर. पण या गंगापूरला जिवंत आहेत. शाळेवर आहेत. आज सकाळी मी त्यांच्याशी बोलले.”

पलीकडे कागद सरकवल्याचा, पेन उघडल्याचा आवाज. मला वाटलं, कळलं.

“गंगापूरच्या मातीत त्या जिवंत आहेत, शाळेच्या भिंतींत त्या जिवंत आहेत आणि आजही सकाळी त्या आपल्याशी बोलतात,” सर सावकाश म्हणाले. “फार सुंदर बोललात. हे घेऊ या.”

आणि त्यांनी ते घेतलं. प्रस्तावनेचा शेवटचा परिच्छेद माझा आहे. साहित्याच्या इतिहासात माझं जे काही योगदान असेल ते एवढंच.

फोनवर जमत नाही म्हटल्यावर पुरावाच समोर उभा करावा, असं मी ठरवलं. रविवारी बाईंना बोलावून घेतलं आणि दोघी रिक्षाने सिडकोत गेलो. सरांनी दार उघडलं, बाईंकडे पाहिलं, चष्मा वर केला, खाली केला, आणि त्यांचे डोळे भरून आले.

“अगदी तोच चेहरा,” ते म्हणाले. “धाकट्या का?”

मी तोंड उघडलं. सरांनी हात वर करून मला थांबवलं आणि बाईंना हाताला धरून सोफ्यावर बसवलं. चहा आला. सर त्यांच्याशेजारी बसून बोलू लागले. तुमच्या बहिणीला माणसांची जाण होती. ती वेळेच्या आधी गेली. तिला मोठ्या शहरात संधी मिळायला हवी होती. आपण तिची कदर केली नाही, हा आपल्या सगळ्यांचा अपराध आहे. बाई खाली मान घालून ऐकत होत्या. सरांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “रडा. मोकळ्या व्हा.”

बाई रडल्या. रीतसर, नाक ओढून, पदराने डोळे पुसत. मला काय करावं ते सुचेना म्हणून मी त्यांचंही बिस्किट खाल्लं.

“काय आवडायचं हो त्यांना?” सरांनी विचारलं.

“लिहायला,” बाई म्हणाल्या. “पण वेळ मिळायचा नाही.”

“बघा,” सर माझ्याकडे वळून म्हणाले, जणू मीच तो वेळ घेतला होता.

रिक्षात बसल्यावर मी त्यांना धारेवर धरलं. एक शब्द बोलायचा होता. ‘मीच ती’ म्हणायचं होतं. बाईंनी चष्मा पुसला.

“म्हणणारच होते मॅडम. पण माझ्याबद्दल इतकं चांगलं आजवर कुणी बोललं नव्हतं. म्हटलं, जरा ऐकून घ्यावं. मग ते थांबेनात, आणि मग फारच उशीर झाला.”

रिक्षावाला आरशातून म्हणाला, “बरोबर आहे बाईंचं.”

तिथून मी बाईंना घेऊन प्रकाशकाकडे गेले. तो हात जोडून उभा राहिला. पहिला फॉर्म, म्हणजे प्रस्तावनेसकट पहिली सोळा पानं, छापून झालाय, म्हणाला. प्रस्तावना बदलायची तर सरांना चूक सांगावी लागेल, आणि सरांची चूक काढली तर या शहरात आपलं कुठलंच पुस्तक पुन्हा उभं राहणार नाही. शिवाय, तो जरा लाजत म्हणाला, ग्रंथालयवाले दिवंगत म्हटलं की नाही म्हणत नाहीत.

बाईंनी स्वतःच तोड काढली. “प्रस्तावनेत असू द्या मला मेलेली. तेवढ्याने काही होत नाही. पण मंचावर माझी खुर्ची पाहिजे.” सासूबाईंचाही आक्षेप नव्हता. मेल्याची खोटी आवई उठली की माणसाचं आयुष्य वाढतं, अशी त्यांची समजूत होती. “ऱ्हाऊ द्या छापून,” त्या मला फोनवर म्हणाल्या. “धा वर्सं वाढली तर बिघडलं कुठं?”

प्रकाशकाने खुर्चीचं वचन दिलं. छातीवर हात ठेवून दिलं.

पुढे निमंत्रणपत्रिका गेल्या. बाईंच्या नावाआधी ‘कै.’ छापलं होतं. ते प्रकाशकाने नव्हे, पत्रिकेची अक्षरं जुळवणाऱ्याने प्रस्तावना वाचून आपण होऊन घातलं. पत्रिका शाळेत पोचली. मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावून घेतलं, पत्रिका दाखवली आणि अत्यंत अवघडून विचारलं, “मॅडम, सोमवारी तुमची रजा धरायची का?”

“नाही सर, सोमवारी मी आहे.”

“नाही, छापलंय म्हणून विचारलं,” ते म्हणाले, आणि पत्रिका फळ्याशेजारी टाचून टाकली.

प्रकाशनाच्या दिवशी गंगापूरहून एक जीप भरून आली. ती भरेपर्यंत सुटली नव्हती, त्यामुळे मंडळी तासभर उशिरा पोचली. कादंबरीला याहून मोठी दाद मी पाहिलेली नाही. सासूबाईंना पहिल्या रांगेत कडेची खुर्ची दिली. गुडघे धरतात म्हणून त्यांनी पाय लांब केले आणि त्या तेवढ्या सभागृहाच्या मालकीण झाल्या. बाईंनी नवी मोरपंखी साडी नेसली होती आणि केसांत अबोलीचा गजरा होता. मंचावर एका टेबलावर ढगातला तो फोटो मोठा करून, चौकटीत बसवून ठेवला होता. शेजारी समई, आणि पुढे हार. पलीकडे पाच खुर्च्या होत्या. चार पाहुण्यांच्या, मधली अध्यक्ष म्हणून सरांची धरून, आणि शेवटची बाईंची. मी स्वतः तिच्यावर रुमाल टाकून आले होते.

कार्यक्रम सुरू होणार इतक्यात दारात गडबड झाली. एक माजी सभापती आले होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण पांढरे कपडे घालून आलेल्या माणसाला खाली बसवण्याची आपल्याकडे पद्धत नाही. प्रकाशक धावत गेला, हात धरून त्यांना वर घेऊन गेला आणि माझा रुमाल उचलून बाजूला ठेवला. सभापती बसले. बसल्यावर त्यांनी विचारलं, “कशाचा कार्यक्रम आहे?”

मी प्रकाशकाला विंगेत गाठलं. “खुर्ची?”

“मॅडम, आता मी त्यांना उठवू का? सहावी खुर्ची मावत नाही, समई पडेल.” मग त्याचा चेहरा उजळला. “आणि तसं पाहिलं तर मंचावर त्या आहेतच की. फोटो ठेवलाय.”

मी याला उत्तर देणार, तेवढ्यात त्याने शालींचं तबक उचललं, इकडेतिकडे पाहिलं आणि शेजारी उभ्या बाईंच्या हातात दिलं. “मॅडम, तुम्हाला सवय आहे. जरा धरा.”

त्यांनी धरलं. हातांना सवय असते, त्याला काय करणार. तबक हातात आल्याबरोबर बाईंची मान खाली गेली, पाठ किंचित वाकली आणि त्या पाहुण्यांच्या मागून, कुणाच्या फोटोत येणार नाही अशा बेताने, एकेक शाल पुढे करत गेल्या. ज्या खुर्चीसाठी त्या आल्या होत्या, तिच्यावरच्या सभापतींनाही त्यांनीच नारळ दिला.

मला राहवेना. मी विंगेतून पुढे आले. आज सरांसकट सगळ्यांना सांगून टाकायचं, असं ठरवूनच आले. प्रकाशकाच्या हातात माईक होता आणि त्याने माझा चेहरा पाहिला होता. “दीपप्रज्वलनासाठी मॅडम पुढे येत आहेत,” त्याने जाहीर केलं. टाळ्या वाजल्या. कुणीतरी माझ्या हातात पेटती मेणबत्ती दिली. पेटती मेणबत्ती हातात असताना माणसाला भांडता येत नाही, हे मी त्या दिवशी शिकले. समई लावून मी गपचूप खाली आले.

मग सरांनी बाईंना ओळखलं. “या, या,” ते माईकमध्ये म्हणाले. “प्रतिमेला हार त्यांच्या धाकट्या बहिणीने घालावा.” गंगापूरच्या जीपमधली सगळी मंडळी एकमेकांकडे बघू लागली. बाईंनी तबक खाली ठेवलं, हार उचलला, स्वतःच्या फोटोला घातला, आणि हार थोडा वाकडा झाला म्हणून पुन्हा सरळही केला.

सर बोलायला आपल्या जागीच उभे राहिले. त्यांचं बोलणं अप्रतिम असतं. या कादंबरीतला आक्रोश, ते म्हणाले, वाचकाला रात्रभर झोपू देत नाही. कोरडवाहू आयुष्याचा हा हुंदका आहे. हे पुस्तक वाचताना जो रडला नाही तो माणूस नव्हे.

“ह्ये कोणतं पुस्तक सांगायलेत?” सासूबाईंनी मला विचारलं. त्यांना वाटलं हळू विचारलंय.

“तुमच्या सुनेचंच.”

“त्यात कुठं रडायचंय? म्हशीला जीपमधी घालायला बघत्यात तवा?” त्या आठवणीने त्यांना पुन्हा हसू फुटलं, आणि पदर तोंडात धरून त्या हलत राहिल्या. मागच्या रांगेला वाटलं त्यांना हुंदका अनावर झालाय. एका बाईने पाण्याची बाटली पुढे केली.

भाषणाचा शेवट आला. सरांनी चष्मा काढला आणि ते म्हणाले, “दिवंगत लेखिकेच्या स्मृतीस आपण सर्व जण एक मिनिट स्तब्ध उभे राहून आदरांजली वाहू या.”

सभागृह उभं राहिलं. मंचावरचे पाहुणे उभे राहिले, सभापतीही शाल सावरत उभे राहिले. सगळ्यांनी हात पुढे बांधले, माना खाली घातल्या, डोळे मिटले. गंगापूरची मंडळीही उभी राहिली. सगळे उभे राहिलेत म्हटल्यावर आपणही राहावं, एवढंच. बसून होत्या त्या फक्त सासूबाई, गुडघ्यांमुळे. आणि मी उभी असले तरी डोळे मिटले नव्हते, कारण माझ्या धंद्यात डोळे मिटून चालत नाही.

त्यामुळे मी पाहिलं. बाई मंचाच्या कडेला पुन्हा तबक घेऊन उभ्या होत्या. त्यांनी समोरच्या लोकांकडे पाहिलं. एवढी माणसं, सगळी त्यांच्यासाठी उभी. मग त्यांनी बाजूला पाहिलं. पाचच्या पाच खुर्च्या रिकाम्या होत्या.

त्यांनी तबक अलगद जमिनीवर ठेवलं, अगदी आवाज होऊ न देता. पदर खांद्यावर घेतला. आणि चालत जाऊन मधल्या खुर्चीत बसल्या. कडेच्या नाही, मधल्या. पाठ टेकून बसल्या, हात खुर्चीच्या दोन्ही दांड्यांवर ठेवले आणि वरून खाली पाहू लागल्या. सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. सासूबाईंशी नजरानजर झाली तेव्हा त्यांनी किंचित मान हलवली, आणि खालून सासूबाईंनीही हलवली.

मिनिट संपलं. प्रकाशकाने ‘धन्यवाद’ म्हटलं, खुर्च्या करकरल्या, लोक खाली बसले. सर मागे न बघता बसायला वाकले, आणि हाताला खुर्चीचा दांडा लागण्याऐवजी साडीचा काठ लागला. ते दचकून सरळ झाले. वळले. खुर्चीत बसलेल्या बाईंकडे त्यांनी पाहिलं. मग हार घातलेल्या फोटोकडे. मग पुन्हा बाईंकडे. फोटोवाल्याचं काम इतकं चोख की ढगांखेरीज दोन्हींत कसलाच फरक नव्हता.

प्रकाशकाने माईक तोंडापाशी नेला आणि तसाच धरून ठेवला. बाई उठल्या नाहीत. त्यांनी खुर्चीचे दांडे फक्त जरा घट्ट धरले.

सरांच्या ओठांची हालचाल झाली. साठ वर्षं मराठीची सेवा केलेल्या त्या माणसाला जे सुचलं ते एवढंच. “बाई,” ते म्हणाले, “ही अध्यक्षांची खुर्ची आहे.”

तेव्हा पहिल्या रांगेतून, लांब केलेले पाय आवरून न घेता, सासूबाई सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या:

“अवो गुरुजी, मेली ती हाय, तुम्ही नाय. बसू द्या की तिला.”